नानांनी काढायला लावलेली अडीच मिनिटं

कोल्हापूरहून दुपारी गाडीत बसलो आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना चाळीसगाव मागे पडलं. खिडकीबाहेर वेचणी संपत आलेली कापसाची शेतं होती. बोंडांत उरलेला थोडा कापूस धुक्यात दिसत होता. आमच्याकडच्या उसाच्या हिरव्या भिंतींची सवय असलेल्या डोळ्यांना इथलं शिवार फारच मोकळं वाटलं. पाचोऱ्याला चहा घेतला आणि जळगाव यायच्या आधी दोनदा कंगवा फिरवला. आयुष्यात पहिल्यांदाच एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला निघालो होतो.

वाक्य विचित्र वाटेल, पण खरं आहे. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. जिल्ह्याजिल्ह्यांतून येणाऱ्या बातम्या नीट करणं, त्यांना मथळे देणं हे माझं काम. जळगावहून सहा वर्षं नजमा पिंजारी नावाची वार्ताहर लेख पाठवायची. रोज फोनवर बोलणं व्हायचं. "सर, ती ओळ कापू नका ना," हे तिचं नेहमीचं वाक्य, आणि "जागा नाही गं," हे माझं. तिचा चेहरा मात्र मी कधी पाहिला नव्हता. पुढे जिल्ह्याचं पान आक्रसलं, तिने नोकरी सोडली, मी निवृत्त झालो. मग कुणीतरी सांगितलं की ती पॉडकास्ट करते, अहिराणीत. ऐकायला लागलो. अर्धं समजायचं, अर्धं नाही, तरी ऐकत राहायचो.

डिसेंबरच्या शेवटी तिचाच फोन आला. "सर, मी एक छोटा माहितीपट केलाय. ज्यांच्यावर केलाय त्यांना दाखवायला धुळ्याच्या पुढे नरडाण्याकडे जाणार आहे. ते हो म्हणाले तरच पुढे पाठवीन. येता का?"

मी तिकीट काढलं.

स्टेशनच्या बाहेर तिने मला आधी ओळखलं. "तुम्ही फोनवर उंच वाटायचात," ती म्हणाली. चाळिशीला टेकलेली, खादीचा कुर्ता, डोक्यावरून ओढणी, खांद्याला कॅमेऱ्याची जड पिशवी. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाली, "ही मी कुणालाच देत नाही. तुम्ही माझे लेख घ्यायचात तेवढं पुरे."

मेहरूणमध्ये तिचं घर आहे. खाली अब्बांचं गाद्या-रजयांचं दुकान, वर दोन खोल्या. अब्बा पिंजारी, म्हणजे कापूस पिंजून गाद्या भरणारे. पूर्वी धनुकलीने पिंजायचे, आता मशीनवर. मला पाहून त्यांनी हातातला दोरा बाजूला ठेवला.

"बसा साहेब. पोरगी घरी येऊन तुमचंच नाव घ्यायची. सांगायची, अब्बा, आज साहेबांनी माझ्या चार ओळी खाल्ल्या."

"चारच?" मी म्हणालो.

"बाकीच्या दिवशीचं बोलायची नाही, रडायची."

ते हसत होते, पण मला थोडं कसंतरी झालं. नजमाने पोहे आणून ठेवले. त्यावर शेव इतकी होती की पोहे शोधावे लागले.

खाऊन झाल्यावर तिने मला तिचा स्टुडिओ दाखवला. दुकानाच्या मागे एक अंधारी खोली. तिन्ही भिंतींना छतापर्यंत रचलेल्या रजया, मधे एक स्टूल आणि एक माइक. दार लावलं आणि बाहेरच्या रिक्षा, भांडी, भोंगे सगळं एकदम थांबलं. स्वतःचा श्वास ऐकू येईल इतकी शांतता.

"पॉडकास्ट सुरू केला तेव्हा असल्या खोलीसाठी शहरात चौकशी केली. मग लक्षात आलं, आपल्याच घरात कापूस आहे," ती म्हणाली. "लग्नसराईत रजया विकल्या जातात आणि माझा आवाज घुमायला लागतो. तेव्हा मी सुट्टी घेते."

तिने मला कानाला लावायला हेडफोन दिले आणि एक जुना भाग लावला. कुणा बाईला नजमा प्रश्न विचारत होती. प्रश्न संपता संपत नव्हता. मग पुढच्या वर्षीचा एक भाग लावला. त्यात नजमाचा आवाज दोनदाच आला. मधे एक जागा होती, समोरचा माणूस गप्प झालेला. मी मनात मोजलं, दहा-बारा सेकंद असतील. मग तो पुन्हा बोलायला लागला आणि जे बोलला ते त्याने आधी कुणालाच सांगितलेलं नसावं.

"हे कापलं नाहीस?" मी विचारलं.

"कापणार होते. तुमचंच वळण लागलेलं ना मला." ती हसली. "मग पुन्हा ऐकलं. तो गप्प बसला म्हणून पुढचं बोलू शकला. लिहिताना मला गप्प बसणं कसं लिहायचं ते कधी जमलंच नव्हतं."

दुपारी जेवायला भरीत होतं. इथली वांगी हिरवी आणि दुधी भोपळ्याएवढी. पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) जाळावर भाजलेली, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी. कोल्हापूरच्या माणसाने तिखटाचा गर्व करू नये, हे तिसऱ्या घासाला कळलं. अब्बांनी न बोलता दह्याची वाटी सरकवली.

जेवताना नजमाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, उद्या जाताना पारोळ्याच्या अलीकडे एका गावी उतरू. सुमनअक्का आठवतात?"

मला आठवत होतं. ते आठवू नये असं वाटत होतं, हेही खरं.

सुमनबाई ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याचा पंप चालवायच्या. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचं, हे त्या ठरवत आणि त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. नजमाने त्यांच्यावर सुंदर लेख लिहिला होता. लेखात एका ओळीत होतं की त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहतात. मला मथळा हवा होता, घाई होती, रकाना अरुंद होता. मी लिहिलं : 'नवऱ्याने टाकली, गावाने मानली'. त्या दिवशी ऑफिसात दोघांनी या मथळ्याचं कौतुक केलं होतं.

दुसऱ्या दिवशी नजमाचा फोन आला होता. सुमनबाईंना कुणी टाकलं नव्हतं, त्या स्वतः निघून आल्या होत्या. खुलासा छापा म्हणाली. मी आतल्या पानावर दोन ओळी छापल्या आणि विसरून गेलो.

सकाळी धुळ्याच्या एसटीत बसलो. एरंडोलला गाडी थांबली म्हणून चहाला उतरलो, तर पायरीवरच माझ्या उजव्या बुटाचा तळवा पुढून सुटला आणि जिभेसारखा लोंबायला लागला. आसपास चांभाराचं दुकान उघडलेलं नव्हतं. नजमाने पिशवीतून काळ्या कापडी चिकटपट्टीचं रीळ काढलं, माझा पाय सरळ स्वतःच्या गुडघ्यावर घेतला आणि बुटाला चार वेढे दिले.

"माइकच्या वायरी बसवायला असते ही," ती म्हणाली. "पाऊस नसेल तर नरडाण्यापर्यंत जाईल."

एसटीतल्या एका म्हाताऱ्या आबांनी सगळं पाहिलं होतं. मी शेजारी बसल्यावर ते म्हणाले, "आंडेर शे का तुम्हनी?" (मुलगी आहे का तुमची?)

"आम्ही एका ऑफिसात होतो," मी म्हणालो. त्यांनी बुटाकडे पाहिलं आणि मान हलवली. उत्तर त्यांना पटलेलं नव्हतं.

पारोळ्याच्या अलीकडे एका फाट्यावर उतरून आम्ही रिक्षाने गावात गेलो. पंपघराशेजारी सुमनअक्का उभ्या होत्या. साठीच्या, काटक, नऊवारीचा पदर खोचलेला, हातात व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी किल्ली. नजमाने माझी ओळख करून दिली. अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चिकटपट्टीच्या बुटावर जरा थांबल्या.

"तुम्हीच का मथळावाला साहेब?"

"हो," मी म्हणालो. "चूक माझी होती. नजमाची नव्हती. मी तुम्हाला तेव्हाच येऊन भेटायला हवं होतं."

किल्ली जमिनीवरच्या खड्ड्यात घालून त्यांनी तीन-चार वेढे दिले. खाली पाणी धावल्याचा आवाज झाला. मग म्हणाल्या, "माले कोनी टाकेल नई शे. मीच निंघी उनू." (मला कुणी टाकलेलं नाही. मीच निघून आले.)

पुढचं त्यांनी सावकाश, मला समजेल अशा मराठीत सांगितलं. मारहाण सहन न होऊन त्या एका सकाळी लहान मुलीला कडेवर घेऊन माहेरी चालत आल्या होत्या. गावाला ते माहीत होतं आणि त्यांच्या शब्दाला जो मान होता तो त्यामुळेही होता. मथळा छापून आला त्या आठवड्यात पारोळ्याच्या बाजारात सासरच्या एका माणसाने पेपर उघडून चार लोकांत वाचून दाखवला. बघा, आम्हीच टाकली होती, आता पेपरवालेही म्हणतात.

"इतकी वर्षं मी सांगत होते ते एका सकाळी खोटं झालं," अक्का म्हणाल्या. "ही पोरगी रडत आली. दोन ओळी छापून आणल्या म्हणे. मी म्हटलं, दोन ओळी कोण वाचतं? मला माझ्या तोंडाने सांगू दे."

नजमाने तेव्हा मोबाइल पुढे धरला होता. तेच तिच्या पॉडकास्टचं पहिलं रेकॉर्डिंग. मागे पंपाची घरघर, मधेच कोंबडा, आणि अक्कांचा आवाज. गावातल्या पोरांनी ते एकमेकांच्या फोनवर पाठवलं, मग सासरच्या गावापर्यंत गेलं. बाजारात पुन्हा कुणी पेपर उघडला नाही.

"साहेब, तुम्ही आला, बरं केलं," अक्का म्हणाल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. चहा मात्र दोनदा पाजला. निघताना नजमाला म्हणाल्या, "नानाले नीट दखाड. घाई करू नको." (माहितीपट ज्यांच्यावर आहे त्या नानांना नीट दाखव.)

पुढच्या प्रवासात पारोळ्याचा किल्ला डाव्या की उजव्या हाताला गेला, हेसुद्धा मला आठवत नाही. धुळ्यात एका लॉजवर मुक्काम केला. नजमा तिच्या मावशीकडे उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पांझरा नदीच्या पुलावर फिरून आलो, चांभार शोधून बूट शिवून घेतला, आणि नऊच्या सुमारास आम्ही नरडाण्याच्या गाडीत बसलो.

वाटेत मी तिला विचारलं की आवाजावर इतकं प्रेम, मग कॅमेरा कशाला हातात घेतला.

तिने सांगितलं ते असं. जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी काढायच्या) कारखान्यांतल्या कामगारांवर ती पॉडकास्टचे भाग करत होती. ज्याला भेटेल तो म्हणायचा, आत्माराम नानांना भेटा. मशीन बिघडलं की नाना नुसता हात ठेवतात आणि कुठे बिघडलंय ते सांगतात. ती माइक घेऊन गेली. तिथे कळलं की नाना लहानपणी तापात बहिरे झालेले आहेत आणि बोलतही नाहीत.

"मी दिवसभर थांबले. नाना मशीनवर तळवा ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि बरोबर त्या जागी खडूने खूण करायचे. घरी येऊन ऐकलं तर नुसता घरघराट. माझ्या पॉडकास्टमध्ये नाना नव्हतेच. लेखात मी त्यांच्या वतीने बोलले असते. ते तर मला परत करायचंच नव्हतं."

म्हणून ती जळगावात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका माणसाकडे दोन हंगाम मदतनीस म्हणून राहिली. दिव्यांच्या वायरी उचलल्या, नवरदेवाच्या मित्रांची बोलणी खाल्ली. सर्वांत मोठी गोष्ट काय शिकलीस, असं विचारलं तर म्हणाली, "एका जागी उभं राहायला. इतका वेळ, की लोक आपल्याला विसरतात. आणि मग ते आपल्याला विसरलेत, याची भीती बाळगायला."

शेवटचं वाक्य मला त्या वेळी नीट कळलं नाही.

नरडाण्याला उतरून आम्ही औद्योगिक वसाहतीच्या पलीकडे, नानांच्या गावी गेलो. नाना दारातच होते. उंच, किंचित वाकलेले, पांढरी टोपी, आणि हात असे की माझे दोन्ही हात त्यांच्या एका तळव्यात मावले असते. त्यांच्या पत्नी इंदूबाई. लग्न झाल्यापासून त्यांनी दोघांची मिळून हातवाऱ्यांची एक भाषा केलेली आहे आणि बाहेरच्यांसाठी त्याच दुभाषी.

घरात टीव्ही तयार ठेवला होता, आणि वीज गेली होती. शेतीच्या लायनीवरचं गाव, दुपारपर्यंत येणार नाही म्हणाले. नजमाने लॅपटॉप काढून लोखंडी पेटीवर ठेवला. उजेड कमी व्हावा म्हणून इंदूबाईंनी खिडकीला लुगडं अडकवलं. मग नजमाने पिशवीतून बॅटरीवर चालणारा एक छोटा स्पीकर काढला आणि नानांच्या मांडीवर ठेवला. त्यांचा तळवा उचलून त्यावर टेकवला.

मला आधी कळेना की बहिऱ्या माणसाला स्पीकर कशाला. मग चित्र सुरू झालं. पडद्यावर जिनिंगचं मशीन फिरायला लागलं आणि नानांचा चेहरा उजळला. स्पीकर थरथरत होता आणि नाना ते तळव्याने ऐकत होते. रजयांच्या खोलीत शिकलेलं सगळं तिने इथे एका माणसाच्या हातासाठी वापरलं होतं. माझ्या सबंध नोकरीत मी एका वाचकासाठी एवढी मेहनत कधी घेतली नाही.

माहितीपट बावीस मिनिटांचा होता. त्यात निवेदन नव्हतं. नाना सायकलवरून जातात, कापसाची धूळ उन्हात तरंगते, तरुण कामगार त्यांना हाक मारण्याऐवजी लांबून रुमाल हलवतात. नवव्या-दहाव्या मिनिटाला नानांनी एकदम हात वर केला. थांबव.

नजमाने थांबवलं. नानांनी पडद्यावरच्या मशीनकडे बोट केलं, मग स्पीकरकडे, आणि जोरात मान हलवली. इंदूबाई त्यांच्या हातांकडे पाहत म्हणाल्या, "ते म्हणतात, हे मशीन ते नाही. दिसतंय एक आणि धडधडतंय दुसरं."

नजमाचा चेहरा उतरला. तिने स्पीकरकडे पाहिलं. मग म्हणाली, "खरं आहे. त्या दिवशी माझं रेकॉर्डिंग बिघडलं होतं. मी दुसऱ्या कारखान्यातला आवाज तिथे लावला. मला वाटलं, कुणाला कळणार नाही."

इंदूबाईंनी ते हातांनी सांगितलं. नाना इतके हसले की टोपी खाली पडली. ऐकू येणाऱ्या सगळ्यांच्या कानांतून सुटलेली चूक न ऐकणाऱ्या माणसाने पकडली होती. नजमाही हसायला लागली, पण तिचे कान लाल झाले होते.

चित्र पुढे सुरू झालं. शेवटाकडे एक प्रसंग आला, अडीच मिनिटांचा, नानांच्या घरातला. त्यात काय होतं ते मी इथे सांगणार नाही. एवढंच सांगतो की मी आयुष्यभर शब्दांत राहिलेला माणूस, पण त्या अडीच मिनिटांत मला चष्मा काढून पुसावा लागला. सगळा माहितीपट त्या प्रसंगाकडेच चाललेला होता, असं वाटावं इतकं ते साधलं होतं.

चित्र संपलं. इंदूबाईंनी डोळे टिपले. "बठ्ठं दिसनं. माले ते शेवटलं आवडनं," त्या म्हणाल्या. (सगळं दिसलं. मला ते शेवटचं आवडलं.)

नाना उठले. त्यांनी पडद्यावरच्या मशीनच्या चित्रासाठी हात गोल फिरवला आणि दार सताड उघडलं, बाहेर बोट दाखवलं. मग छातीवर हात ठेवला, इंदूबाईंकडे पाहिलं आणि दार हळूच लावून घेतलं.

कुणी सांगायची गरज नव्हती. मशीनचं सगळ्यांना दाखव. हे घरातलं आहे.

इंदूबाई हातवारे करून त्यांच्याशी भांडायला लागल्या. राहू दे ना, चांगलं आहे, असं असावं. नाना नुसते उभे राहिले. शेवटी इंदूबाईंनी हात खाली ठेवले आणि नजमाकडे वळल्या. "सगळीकडे त्यांच्या वतीने मीच बोलते, बाई. पण हो म्हणायचं ते त्यांनाच म्हणू दे."

मी नजमाला बाहेर ओट्यावर बोलावलं. माझ्यातला उपसंपादक जागा झाला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माहितीपट एका महोत्सवाकडे पाठवायचा होता, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "त्यांना समजावून सांग. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती अडीच मिनिटं काढलीस तर काय उरेल?"

"कमी उरेल," ती म्हणाली. "मला माहीत आहे, सर. तो प्रसंग मिळाला त्या दिवशी मी घरी जाऊन अब्बांना सांगितलं होतं की आता मला फिल्म करता येते."

"मग?"

"त्या वेळी नाना मला विसरले होते. मी कोपऱ्यात उभी होते आणि ते विसरले होते. लग्नात शिकलेलं सगळं कामाला आलं." तिने दाराकडे पाहिलं. "सुमनअक्कांना आपण विचारलंच नव्हतं. नानांना विचारलंय. विचारल्यावर उत्तर घ्यायला नको का?"

ती आत गेली. लॅपटॉप नानांसमोर ठेवला, कुठून कुठे काढते आहे ते त्यांना बोटाने दाखवलं, आणि त्यांच्या देखत ती अडीच मिनिटं काढून टाकली. मूळ चित्रीकरण पेन ड्राइव्हवर घेऊन इंदूबाईंच्या हातात दिलं आणि आपल्याकडचं पुसून टाकलं. एक कळ दाबायच्या आधी तिने ओठ घट्ट मिटले होते, तेवढंच. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

जेवायला फुनके (तुरीची डाळ भरडून वाफवलेले मुटके) आणि कढी होती. बेत आधीपासून ठरलेला असावा, पण नाना प्रत्येकाच्या पानात स्वतः वाढत होते, आणि नजमाच्या पानात दर वेळी दोन जास्त.

जेवल्यावर नानांनी सायकल काढली आणि आम्हाला मागे यायची खूण केली. ते आम्हाला कारखान्यात घेऊन गेले. मुकादमाशी इंदूबाईंच्या भावाने फोनवर बोलून ठेवलं होतं. आत शिरलो तर बोलणं अशक्य, हवेत कापसाचे तंतू. नाना माहितीपटातल्या त्या मशीनपाशी गेले. नजमाने माइक लावला. नानांनी माइक जरा खाली घेतला, मग डावीकडे, मग मशीनच्या पायाजवळ, आणि तिथे धरून ठेवला. मग दुसऱ्या हाताने तिचा तळवा ओढून पत्र्यावर टेकवला.

नजमाने हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. वरच्या घरघराटाच्या खाली एक संथ, जड ठोका ऐकू येत होता. तो मशीनच्या पायाशीच सापडत होता. एवढे भाग करून, एवढ्या मशीनजवळ उभी राहून तिला जो आवाज सापडला नव्हता, तो कुठे असतो ते नानांना माहीत होतं. ती पंधरा मिनिटं रेकॉर्ड करत राहिली. मशीनवर टेकलेला हात तिने एकदाही काढला नाही.

संध्याकाळच्या आत मी नरडाणा स्टेशनवर होतो. सुरतेकडून येणारी गाडी मला जळगावला सोडणार होती, तिथून रात्रीची गाडी घरी. नजमा धुळ्याला मावशीकडे थांबून नवा आवाज बसवणार होती. प्लॅटफॉर्मवर आम्ही दोघंच होतो, आणि एक शेळी.

"आता पुढे काय?" मी विचारलं.

"लिहिणार आहे," ती म्हणाली. "परत. अक्कांवर. त्या हो म्हणाल्या आहेत. आधी लिहायचे तेव्हा मला वाटायचं, माणूस म्हणजे त्याच्यावरची चांगली वाक्यं. आता बघू काय जमतं."

"मथळा कोण देणार?"

"अक्काच देतील," ती म्हणाली आणि गाडी आली.

मला खोटं बोलायचं नाही. नंतर तिने मला पूर्ण झालेला माहितीपट पाठवला. तो आधीपेक्षा थोडा उणा आहे. शेवट जरा लवकर येतो, आणि ज्याने ती अडीच मिनिटं पाहिलीत त्याला तिथे एक रिकामी जागा जाणवते. त्या महोत्सवाने तो घेतला नाही. पुढे दक्षिणेतल्या एका छोट्या महोत्सवाने घेतला. कारखान्याच्या आवारात पडदा लावून कामगारांना दाखवला तेव्हा म्हणे नानांनी पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना आळीपाळीने स्पीकरवर हात ठेवायला लावला. नजमाने हे फोनवर सांगितलं, आणि सांगताना ती मधेच गप्प झाली. मी काही बोललो नाही, वाट पाहिली.

एखादा माणूस लिहिण्याकडून आवाजाकडे आणि आवाजाकडून चित्राकडे जातो तेव्हा आपण म्हणतो की त्याने नवी साधनं शिकली. खानदेशातल्या त्या तीन दिवसांत मला दिसलं ते असं, की नजमा प्रत्येक वेळी कुणाचं तरी राहून गेलेलं त्याला परत द्यायला पुढे सरकत गेली, आणि तसं करता करता तिचा हात तयार होत गेला. हे मी तिला सांगितलं तर ती म्हणेल, सर, ही ओळ जरा जड झाली.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी नजमाला, तिच्या अब्बांना आणि सुमनअक्कांना फोनवर वाचून दाखवला. नानांना इंदूबाईंनी हातांनी सांगितला. चौघांनी हो म्हटलं. मग घरी बायकोला वाचायला दिला, कारण परतल्यावर तिचं-माझं या प्रवासाबद्दल जे बोलणं झालं तेही मी शेवटी लिहिलं होतं. तिने सगळं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "बाकी राहू दे. आपल्या दोघांचा तो परिच्छेद काढ."

परिच्छेद चांगला उतरला होता. मी काढला.